चूल बदलली, पण बाईला विचारलं का?

पहाटे घाट चढून धडगावकडे निघालात की घराघरांच्या छपरांतून झिरपणारा धूर दिसतो. फोटो छान येतो! पण त्या छपराखाली भाकरी थापणाऱ्या बाईच्या श्वासनलिकेचं काय होतं, हे विज्ञानाला कधी कळलं? आणि कळल्यावर आपण काय केलं?

आधी थोडं शरीराबद्दल. श्वासनलिकांच्या आत चिकट द्रवाचा थर असतो. त्यात धूळ अडकते आणि केसांसारखे बारीक तंतू ती घशाकडे ढकलत राहतात. निसर्गाने दिलेला झाडूच म्हणा ना. पण लाकडाच्या धुरातले बहुतेक कण २.५ मायक्रोमीटरपेक्षा लहान असतात. ते या झाडूला चुकवून खोल फुफ्फुसात पोचतात. वर्षानुवर्षं हे चाललं की तंतू मंदावतात, नलिका सुजतात, अरुंद होतात. दम लागतो. डॉक्टर याला सीओपीडी म्हणतात.

हा आजार विडी ओढणाऱ्यांचा, असा जुना समज. १९५९ साली दिल्लीत डॉ. पद्मावती आणि डॉ. पाठक यांनी फुफ्फुसाच्या आजारामुळे हृदय थकलेल्या रुग्णांचा अभ्यास छापला. पुरुष बहुतेक धूम्रपान करणारे, बायका बहुतेक न करणाऱ्या. तरी आजार दोघांत सारखाच. संशय गेला गोवऱ्यांच्या धुरावर.

पण धूर किती? आपल्याकडे नवापूर ओलांडलं की गुजरात. त्याच गुजरातच्या खेड्यांत कर्क स्मिथ आणि सहकाऱ्यांनी स्वयंपाक करणाऱ्या बायकांच्या अंगावर मापनयंत्रं लावली. १९८३ मध्ये निकाल छापून आला: घनमीटरभर हवेत सरासरी सुमारे ७ मिलिग्रॅम कण.

उपाय मात्र त्याआधीच सुरू झाले होते. हैदराबादचे अभियंते एस. पी. राजू यांनी १९५३ मध्येच धूर बाहेर नेणाऱ्या चुलीची पुस्तिका काढली होती. १९८० च्या दशकात केंद्र सरकारने सुधारित चुलींचा राष्ट्रीय कार्यक्रम काढला. कोट्यवधी चुली बसल्या. पण धुराडी काजळीने तुंबली, चुलींना तडे गेले, दुरुस्तीला कोणी फिरकलं नाही. २००२ मध्ये कार्यक्रम गुंडाळला. २०१६ मध्ये उज्ज्वला आली. गॅसमुळे धूर खरंच कमी होतो, पण सिलिंडर पुन्हा भरायला रोख पैसे लागतात, आणि जंगलातलं लाकूड नुसत्या कष्टावर मिळतं. मग सिलिंडर कोपऱ्यात आणि चूल पेटलेली.

अजून एक गोष्ट. चुलीवर टांगलेल्या कणसांच्या बियाण्याला धुरामुळे कीड कमी लागते. म्हणजे धूर त्या घरात कामही करतो! धूर घालवायचा तर बियाणं राखायची दुसरी सोय हवी. हे ठरवताना स्वयंपाक करणाऱ्या बाईला विचारलं का? माझ्या मते या सगळ्या इतिहासातली सर्वांत मोठी चूक हीच.

तोवर तुमच्या घरी चूल असेल तर एवढं करा: लाकूड पूर्ण वाळवा, दार-खिडकी उघडी ठेवा, जमेल तेव्हा बाहेर रांधा, धुराडं दर महिन्याला झाडा. तान्ह्या बाळाला पाठीशी बांधून चुलीपुढे बसू नका. आणि तोंडावर पदर धरला की झालं, असं समजू नका; इतके बारीक कण कापडातून सहज आत जातात.

घरातल्या आजीचा जुना खोकला 'वयाचा' म्हणून सोडून देऊ नका. दवाखान्यात नेलंत की डॉक्टरांना आधी सांगा, आजीने किती वर्षं चुलीवर रांधलं ते.