मालकाच्या नावाखाली पूर्वज

जमैकातील एखाद्या आफ्रिकी वंशाच्या कुटुंबाने आपली वंशावळ शोधायला घेतली, तर अलीकडच्या पिढ्या बऱ्याच अंशी सापडतात. वडीलधाऱ्यांच्या आठवणी असतात. १८७८पासून जन्म-मृत्यूंची सरकारी नोंद आहे. त्याआधीची काही माणसे चर्चच्या बाप्तिस्म्याच्या वह्यांत भेटतात. वाट अडते ती १ ऑगस्ट १८३४पाशी. ब्रिटिश वसाहतींतील गुलामगिरी रद्द करणारा कायदा त्या दिवशी अमलात आला. त्यापलीकडे पूर्वज आहे, पण मालमत्ता म्हणून.

१८०७मध्ये ब्रिटनने गुलामांच्या व्यापारावर बंदी घातली. तरी चोरून माणसे आणली जातील, ही शंका होती. म्हणून मालकांकडून गुलामांच्या याद्या मागवणे सुरू झाले. त्रिनिदादसाठी १८१२ साली हुकूम निघाला, जमैकात १८१७पासून नोंदणी झाली. जमैकाच्या यादीत नाव, वय, वर्ण आणि जन्म आफ्रिकेतला की बेटावरचा, एवढे असते. या वह्यांच्या प्रती आज लंडनमधील क्यू येथील राष्ट्रीय अभिलेखागारात आहेत.

मात्र त्या मालकांच्या नावांनी लावलेल्या आहेत. पूर्वजाचे नाव ठाऊक असून भागत नाही. आधी त्याचा मालक शोधावा लागतो. मुक्तीनंतरचे आडनाव मालकाचेच असेल, याची खात्री नसते. बाप्तिस्म्यात नावच बदललेले असू शकते. मग चर्चचा परगणा, मळ्याचे नाव, आफ्रिकी जन्माची नोंद असे धागे जुळवत जावे लागते.

जमैकात पूर्ण यादी १८१७ची. पुढे दर तीन वर्षांनी फक्त वाढ आणि घट नोंदली गेली: जन्म, मृत्यू, खरेदी, विक्री, मुक्ती. जो नुसता जगला, राबला, त्याचे नाव त्या वह्यांत पुन्हा येत नाही. नव्या बाळापुढे बहुधा आईचे नाव असते, बापाचे नसते. मूल आईच्या मालकाचे, हा कायदा. त्यामुळे मालकी ठरवायला आई पुरेशी होती. त्याच व्यवहारी नोंदीमुळे आज एखाद्या घराला आईकडून आजीपर्यंत पोहोचता येते.

मुक्तीच्या वेळी ब्रिटिश सरकारने दोन कोटी पौंडांची भरपाई दिली, तीही मालकांना. त्या दाव्यांत मालकाचे नाव नीट लिहिलेले आहे. मुक्त होणाऱ्यांची मात्र वर्गवार संख्या. त्या आकड्यापासून मागे नोंदवहीकडे जाऊन एक नाव उचलणे, एवढ्यासाठी एखाद्या कुटुंबाची कित्येक वर्षे जातात.