नक्कल आणि नाव

गेल्या पावसाळ्यात धर्मग्रामगृहातील एक जुने कपाट रिकामे करताना तळाशी पुठ्ठ्याचे एक खोके सापडले. त्यात भक्तिगीतांच्या शेसव्वाशे कॅसेटी होत्या आणि एकीचेही वेष्टन उघडलेले नव्हते. गीते आमच्याच भागातील एका धर्मशिक्षकांची. ते आता हयात नाहीत. १९९० च्या सुमारास भाविकांकडून वर्गणी जमवून ही कॅसेट काढली गेली होती. त्यांतील तीन-चार गीते आजही विदर्भातील खेड्यापाड्यांतल्या देवळांत नाताळाला गायली जातात. मग कॅसेटी का खपल्या नाहीत? ह्याचे उत्तर आम्हाला पक्के ठाऊक आहे, कारण त्या उत्तराचा एक भाग आम्ही स्वतः आहोत. त्या वेळी आम्ही सेमिनरीत शिकत होतो. दोन कॅसेटी एकदम बसतील असा एक टेपरेकॉर्डर आमच्यापैकी कोणाच्या तरी आखाती देशातील काकांनी पाठविला होता. आम्ही एक कॅसेट विकत घेतली आणि सुट्टीला गावोगाव जाताना तिच्या नकला घेऊन गेलो. आम्हाला तो प्रेषितकार्याचाच एक भाग वाटला होता!

खोके पाहायला आलेल्या गायकवृंदातील एका मुलाने खिशातून फोन काढला. त्यातले एक गाणे त्याच्यापाशी होतेच. फोनवर त्याचे नाव होते ‘ट्रॅक ०४’. हे कोणी रचले, असे विचारता तो म्हणाला, “फादर, जुने आहे. पारंपरिक असेल.”

ह्या एका शब्दाने आम्हाला अस्वस्थ केले, आणि गाण्यांच्या नकलेचा इतिहास चाळण्यास भाग पाडले.

मराठी माणसाला हा प्रश्न यंत्राच्या कितीतरी आधीपासून परिचित आहे. संत आपल्या अभंगाच्या शेवटच्या चरणात आपले नाव गुंफीत. ह्या नाममुद्रेमुळे अभंग तोंडोतोंडी कितीही दूर गेला तरी कर्ता त्याच्याबरोबर जाई. सालोमालो नावाचा गृहस्थ तुकोबांच्या अभंगांत स्वतःचे नाव घालून ते आपले म्हणून गात असे, अशी परंपरा सांगते. अभंग कोणीही गावेत, उतरवून घ्यावेत. तक्रार होती ती नाव पुसण्याबद्दल. रेव्हरंड ना. वा. टिळकांनी आपल्या ख्रिस्ती गीतांतही ‘दास’ ही मुद्रा ठेवली. आणि आपल्या वाचकांनी हेही विसरू नये की फादर स्टीफन्स ह्यांचे ‘क्रिस्तपुराण’ १६१६ साली छापले गेले, त्याच्या पुढेही आवृत्त्या निघाल्या, पण त्या जुन्या छापील आवृत्त्यांची एकही प्रत आज उपलब्ध नाही. ग्रंथ टिकला तो भाविकांनी हाताने उतरविलेल्या पोथ्यांमुळे. नकलेला सरसकट चोरी म्हणण्याआधी हे ध्यानी घ्यावे लागते.

१९०२ मध्ये ग्रामोफोन कंपनीचे फ्रेड गायसबर्ग कोलकात्यास आले आणि गौहर जान ह्यांचा आवाज त्यांनी मुद्रित केला. तबकडी जेमतेम तीन मिनिटांची. गाणे संपताच गौहर जान आपले नाव इंग्रजीतून मोठ्याने उच्चारीत. तबकड्या जर्मनीतील हॅनोव्हर येथे छापल्या जात, तेथील कारागिरांना लेबलावर कोणाचे नाव घालावे हे कळावे, एवढाच त्याचा हेतू असे सांगतात. योगायोगाने तीही नाममुद्राच झाली. सगळ्यांनाच हे यंत्र रुचले असे नाही. जयपूर घराण्याचे प्रवर्तक उस्ताद अल्लादिया खाँ कोल्हापूर-मुंबईत वर्षानुवर्षे गायले, पण त्यांच्या आवाजाची तबकडी आज नाही. त्यांच्या शिष्या, गोव्याच्या केसरबाई केरकर, मोजकेच मुद्रण करू देत. मैफलीत कोणी चोरून यंत्र लावलेले त्यांना खपत नसे. पण १९७७ साली अमेरिकेने ‘व्हॉयेजर’ याने सोडली, त्यांवरील सोन्याचा मुलामा दिलेल्या तबकडीत त्यांची ‘जात कहाँ हो’ ही भैरवी आहे. नकलेपासून आपला स्वर इतका जपणाऱ्या बाईंचा स्वर आज सूर्यमालेच्या ग्रहांपलीकडे गेला आहे. त्याच वर्षी सप्टेंबरात त्या निवर्तल्या.

तबकडीच्या काळात मात्र चोरीची फारशी धास्ती नव्हती. तबकडी छापायला कारखाना लागे, आणि भारतात तो प्रामुख्याने एकाच कंपनीकडे होता. १९०८ मध्ये कोलकात्याच्या सियालदहला आणि १९२८ पासून डमडमला, कुत्र्याचे चित्र मिरविणाऱ्या ‘एचएमव्ही’च्या तबकड्या निघत. लाख आणि यंत्रसामग्री हेच कुलूप होते. पण ह्या कुलपाचा फायदा गायकापेक्षा कंपनीलाच अधिक झाला. काय मुद्रित व्हावे, किती किमतीला विकावे, कोणते बोलीगीत खपण्याजोगे नाही, हे सारे एकाच दारात ठरे. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याने एक फट ठेवली होती. कलम ५२(१)(जे) प्रमाणे पहिले मुद्रण झाल्यावर, सूचना देऊन व ठरलेली रॉयल्टी भरून, तेच गाणे दुसऱ्या आवाजात पुन्हा मुद्रित करता येई. इंग्रजांच्या १९११ च्या कायद्यातून आलेली ही तरतूद पुष्कळ वर्षे कोणाच्या खिजगणतीत नव्हती.

१९६३ मध्ये फिलिप्स कंपनीने छोटी कॅसेट बाजारात आणली आणि कारखाना घराघरांत आला. भारतात ती खरी पसरली १९८० च्या आगेमागे, आखाती देशांतून परतणाऱ्यांच्या सामानातून. नागपुरात बर्डीवर तेव्हा अशी दुकाने होती की गाण्यांची हाताने लिहिलेली यादी द्यायची आणि संध्याकाळी भरलेली कॅसेट घेऊन जायची. इंग्लंडमधल्या कंपन्यांनी १९८० च्या दशकाच्या आरंभी, घरी कॅसेट भरणे संगीताचा जीव घेते अशी जाहिरात केली. तिच्यावर कॅसेटची कवटी व हाडे काढलेली होती. संगीत काही मेले नाही.

कॅसेटच्या पाठीला दोन लहान प्लास्टिकच्या खुंट्या असत, त्याही आम्हाला येथे आठवतात. त्या मोडल्या की तिच्यावर नवे मुद्रण होत नसे. विकत मिळणाऱ्या कॅसेटींच्या खुंट्या मोडलेल्याच असत, आणि आम्हा विद्यार्थ्यांचा समज होता की कंपनीने केलेला हा बंदोबस्त आहे. प्रत्यक्षात नकलेला तो मुळीच अडवीत नव्हता. जुने पुसले जाऊ नये एवढेच त्याचे काम. तेही भोकावर चिकटपट्टी लावली की संपले. एका महाभागाने अशी पट्टी लावून लॅटिन स्तोत्रांवर क्रिकेटचे धावते वर्णन भरले होते, ते ऐन प्रार्थनेच्या वेळी सुरू झाले. असो.

१९८४ मध्ये सरकारने कायदा कडक केला. चोरट्या नकलेला किमान सहा महिने व कमाल तीन वर्षे कैद, किमान ५०,००० व कमाल २ लाख रुपये दंड. कलम ५२ए नुसार प्रत्येक कॅसेटवर निर्मात्याचे व हक्कधारकाचे नाव, पत्ता आणि प्रकाशनाचे वर्ष छापणे बंधनकारक झाले. पुढे चमचमती होलोग्रामची चिकटपट्टीही आली. पण बाजार पालटला तो ह्यांपैकी कशानेही नव्हे. पालटला तो किमतीने. दिल्लीच्या दर्यागंजात फळांच्या रसाचे दुकान चालविणाऱ्या कुटुंबातील गुलशन कुमार ह्यांनी १९८३ मध्ये सुपर कॅसेट्स, म्हणजेच ‘टी-सिरीज’, सुरू केली. आरंभीच्या काळात त्यांच्यावरच चोरट्या नकलांचा आरोप होत असे. त्यांनी कॅसेटची किंमत एचएमव्हीच्या निम्म्याच्या आसपास आणली, ती पानठेल्यावर आणि किराणा दुकानात ठेवली, आणि त्या विसरलेल्या ५२(१)(जे) कलमाचा आधार घेऊन जुनी गाणी नव्या गळ्यांतून गाऊन घेतली. रफींची गाणी गाणारे तरुण सोनू निगम असेच लोकांपुढे आले. १९९५ मध्ये ‘हम आपके हैं कौन’च्या अशाच कॅसेटीवरून दोन्ही कंपन्या दिल्ली उच्च न्यायालयात भिडल्या. चोरट्या कॅसेटीला कायद्याने जेवढे हरविले नाही, तेवढे स्वस्त अस्सल कॅसेटीने हरविले. गुलशन कुमार ह्यांची १२ ऑगस्ट १९९७ रोजी मुंबईत अंधेरी येथे हत्या झाली. ह्या धंद्यात पैसा किती आला होता हे त्या दिवशी साऱ्या देशाला कळले.

ह्या स्वस्ताईचा सर्वांत मोठा लाभ, आमच्या मते, बोलीगीतांना झाला. दसऱ्याच्या सुमारास दीक्षाभूमीवर लक्षावधी लोक येतात. तेथील पथाऱ्यांवर ग्रंथांच्या शेजारी भीमगीतांच्या कॅसेटींचे ढीग लागत. वामनदादा कर्डक, प्रल्हाद शिंदे, विठ्ठल उमप ह्यांची गाणी खेडोपाडी पोचली ती ह्याच वाटेने. मोठ्या कंपनीच्या दारात ही गाणी कधी एवढ्या संख्येने शिरली नसती. त्यांतही नकला होत, भरमसाट होत. पण शाहिराची जुनी सवय सुटलेली नव्हती. वामनदादांचे नाव त्यांच्या गाण्याच्या शेवटच्या कडव्यात असे, ते कोणत्याही यंत्राला पुसता येत नव्हते. लोकशाहीर विठ्ठल उमप नोव्हेंबर २०१० मध्ये ह्याच दीक्षाभूमीच्या परिसरात व्यासपीठावर असताना कोसळले आणि गेले.

१९९९ मध्ये अमेरिकेत ‘नॅपस्टर’ निघाले आणि गाणे एका संगणकातून दुसऱ्यात फुकट उतरू लागले. २००१ मध्ये न्यायालयीन लढाईनंतर ते बंद पडले, पण त्याच्या जागी दहा उभी राहिली. जागतिक संगीत-उद्योगाची विक्री १९९९ ला शिखरावर होती. २०१४ पर्यंत ती सुमारे चाळीस टक्क्यांनी उतरली. कंपन्यांनी गाण्यांना संगणकी कुलपे घातली. २००५ मध्ये सोनी-बीएमजीच्या सीडींनी तर ग्राहकाच्या संगणकात गुपचूप एक प्रणाली घुसविली. तिच्यामुळे संगणकात चोरवाट पडली आणि त्या सीडी परत घ्याव्या लागल्या. फेब्रुवारी २००७ मध्ये ॲपलचे स्टीव्ह जॉब्ज ह्यांनी जाहीरपणे आकडे मांडले: आदल्या वर्षी कुलूप लावलेली गाणी इंटरनेटवरून विकली गेली २ अब्जांहून कमी, आणि कंपन्यांनी स्वतःच बिनकुलपाच्या सीडींवर विकली ती २० अब्जांहून अधिक. पुढचे दार सताड उघडे ठेवून खिडकीला कुलूप लावण्याचा हा प्रकार! २००९ पर्यंत ॲपलच्या दुकानातील गाण्यांवरची कुलपे निघाली. विक्री सावरली ती त्यानंतर, महिन्याची वर्गणी भरून हवे ते ऐकण्याची सोय रुळल्यावर.

आपल्याकडे घरोघरी संगणक नव्हते, तरी नॅपस्टरयुग आलेच. बर्डीवरची यादीवाली दुकाने गेली आणि त्याच पदपथांवर मोबाइलवाले बसले. दहा-वीस रुपयांत मेमरी कार्डावर शेकडो गाणी ‘भरून’ मिळू लागली. शब्दसुद्धा तोच. इंटरनेट कशाशी खातात हे ठाऊक नसलेल्या माणसाच्या खिशातही डाउनलोड केलेली गाणी होती, ती दुकानदाराच्या हातून. २०१२ मध्ये कोलकाता उच्च न्यायालयाच्या आदेशाने १०४ संकेतस्थळे अडविली गेली. आणि एके काळी नकलेच्या आरोपांत सापडलेली टी-सिरीज २०१९ मध्ये यूट्यूबवर जगात सर्वाधिक सदस्यसंख्येची वाहिनी झाली. आता तीच आपल्या हक्कांची कडक राखणदार आहे.

ह्या सगळ्या कुलूप-किल्लीच्या भांडणात ज्याने गाणे रचले त्याची आठवण कायद्याला फार उशिरा झाली. १९७७ च्या एका निकालात सर्वोच्च न्यायालयाने चित्रपटातील गाण्याचा हक्क प्रायः निर्मात्याचाच मानला. न्यायमूर्ती कृष्ण अय्यर ह्यांनी त्याच निकालपत्रात, गाणाऱ्याला कायदा ओळखतच नाही, अशी खंत नोंदविली. १९९४ च्या दुरुस्तीने कलावंताचे हक्क मान्य झाले. २०१२ च्या दुरुस्तीने गीतकार व संगीतकाराला रॉयल्टीचा असा वाटा दिला की तो वारसाला किंवा त्यांच्या संस्थेलाच सोपविता येतो, कंपनीला लिहून देता येत नाही. ह्यासाठी जावेद अख्तर राज्यसभेत झगडले. त्याच दुरुस्तीने दुसऱ्या आवाजातील मुद्रणासाठी दोनाऐवजी पाच वर्षे थांबणे आले, आणि संगणकी कुलूप फोडणे गुन्हा ठरला.

धर्मग्रामातील मंडळी आम्हाला विचारतात, म्हणून येथेच सांगतो. १९९४ च्या दुरुस्तीप्रमाणे प्रामाणिक धार्मिक विधीत, तसेच लग्नाच्या वरातीत, गीत गाण्या-वाजविण्यास परवानगी लागत नाही. मिस्साबलीत कोणाचेही भजन मोकळेपणी गावे. पण तेच मुद्रण उतरवून वाटणे ही वेगळी गोष्ट आहे. आमच्या नकला ह्या दुसऱ्या खात्यात पडतात.

ते धर्मशिक्षक आम्हाला दीक्षेनंतर एकदा भेटले होते. आम्ही मोठ्या उत्साहाने सांगितले की तुमची गाणी आम्ही किती गावांत पोचविली. ते हसले. पैशांचा विषय त्यांनी काढला नाही. एवढेच म्हणाले, “फादर, कागदावर नाव तरी लिहायचे होते.” आमच्या नकलांच्या कागदावर आम्ही सुबक अक्षरांत ‘भक्तिगीते’ एवढेच लिहिले होते.

खोक्यातील तीन कॅसेटींची फीत चिकटली आहे, बाकीच्या चालतात. गायकवृंदाच्या मुलांनी टेपरेकॉर्डर पैदा करून त्यांतली सारी गीते फोनमध्ये उतरविली. नाव कसे लिहायचे म्हणून तो ‘ट्रॅक ०४’वाला मुलगा पुन्हा आला, तेव्हा वेष्टनावर छापलेले नाव त्याला वाचून दाखविले. त्याने ते अकरा वेळा, प्रत्येक गीतापुढे, टंकित केले. उरलेले खोके धर्मशिक्षकांच्या मुलीकडे पोचवायचे आहे. ती हिंगणा रस्त्याला राहते असे कळले आहे. येत्या रविवारी दुसऱ्या मिस्सानंतर निघू.