व्हायपर बेटाचे नाव

आम्हा अंदमानवासी मराठी मंडळींकडे मुंबई-पुण्याहून पाहुणे आले की आधी सेल्युलर जेल. सावरकरांच्या कोठडीपुढे हात जोडून झाले की बोटीने व्हायपर बेट. तिथे हमखास प्रश्न येतो, ‘इथे साप फार होते का?’ मी सांगतो, हे नाव सापाचे नव्हे, जहाजाचे!

डिसेंबर १७८८ मध्ये लेफ्टनंट आर्चिबाल्ड ब्लेअर ‘एलिझाबेथ’ आणि ‘व्हायपर’ ही शिडाची दोन छोटी जहाजे घेऊन कलकत्त्याहून निघाला. तो मुंबई मरीनचा, म्हणजे कोकण किनाऱ्यावर आंग्र्यांशी झुंजलेल्या आरमाराचा अधिकारी. कंपनी सरकारला बंगालच्या उपसागरात वादळात आसरा देणारे बंदर हवे होते.

काम जिकिरीचे. किनारा दंतुर, कुठे प्रवाळाचे खडक, कुठे तिवरांनी भरलेल्या खाड्या. त्या काळी अशा मोजणीत जहाज खोल पाण्यात नांगरून होड्या पुढे काढीत. शिशाचे वजन बांधलेली दोरी सोडून पाणी किती वाव आहे ते मोजीत. वजनाच्या बुडाला चरबी लावलेली असे. तिला चिकटलेली वाळू वा चिखल पाहून नांगर धरेल की नाही ते ठरे. असा एकेक आकडा नकाशावर चढे. एप्रिल १७८९ पर्यंत हे चालले आणि उत्तम बंदर सापडले. त्याच वर्षी चॅथम बेटावर वसाहत झाली. १७९२ मध्ये ती उत्तरेकडे हलवली. तिथे रोगराईने माणसे दगावली आणि १७९६ मध्ये गाशा गुंडाळला.

बंदराची माहिती मात्र उरली. १८५७ च्या उठावातील कैद्यांसाठी जागा हवी झाली तेव्हा, १८५८ मध्ये, इंग्रज त्याच बंदरात परतले. आसऱ्यासाठी शोधलेले बंदर काळे पाणी झाले! लॉर्ड मेयोला मारणाऱ्या शेर अलीला १८७२ मध्ये व्हायपर बेटावरच फाशी झाली.

आणि ज्यांचा हा किनारा होता, ते? खोड कोरून केलेल्या डोणीतून या खाड्या पिढ्यान्‌पिढ्या पालथ्या घालणारे ग्रेट अंदमानी लोक १८५८ मध्ये काही हजार होते. बाहेरून आलेल्या रोगांनी त्यांना गाठले. १९६१ च्या जनगणनेत उरले अवघे १९.

२०२४ मध्ये पोर्ट ब्लेअरचे श्री विजयपुरम झाले. जेलमधल्या वीरांना आपण दरवर्षी वंदन करतो; या मूळ दर्यावर्दींचीही आठवण आपल्या स्मरणिकेत राहावी, एवढ्यासाठीच हा लेखनप्रपंच.

गणपती बाप्पा मोरया!