त्रिरश्मि-लेण्यांतील चक्र कोणाचें?

नाशिक शहराच्या इंदिरानगर भागापासून नैर्ऋत्येस, मुंबई-आग्रा महामार्गालगत जो डोंगर दिसतो, त्यासच तेथील शिलालेखांत ‘तिरण्हु’ म्हणजे त्रिरश्मि म्हटलें आहे. त्याच्या कुशींतील २४ लेणीं लोकांत ‘पांडवलेणीं’ या नांवानें प्रसिद्ध आहेत. लेणीं बौद्धांचीं आणि नांव पांडवांचें, हा विरोध अभ्यासकांच्या परिचयाचा आहे. तिसऱ्या लेण्याच्या दारावर कोरलेल्या चक्राविषयींहि असाच प्रश्न उत्पन्न होतो. हें चक्र बुद्धाचें, राजाचें कीं वासुदेवाचें?

प्रथम त्याचें स्थान पाहूं. द्वारावर बोधिवृक्ष, स्तूप आणि चक्र हीं तीन चिन्हें उपासकांसह कोरलीं असून दोहों बाजूंस पुष्पें धारण करणारे द्वारपाल आहेत. चक्र येथें कोणाच्या हातांतील आयुध नाहीं. तें स्वतःच पूजेचा विषय आहे. बोधिवृक्ष संबोधीचा, चक्र सारनाथच्या प्रथम उपदेशाचें, व स्तूप परिनिर्वाणाचा द्योतक होय. भरहुत व सांची येथेंहि बुद्धमूर्तीच्या ठिकाणीं हींच चिन्हें पूजिलेलीं आढळतात. तेव्हां हें धर्मचक्रच, याविषयीं संशय नको.

परंतु दाता कोण, हें पाहतां प्रश्न अधिक खोल जातो. हें लेणें गौतमी बलश्रीनें आपला नातू पुळुमावि याच्या १९ व्या राज्यवर्षीं भद्रायणीय भिक्षुसंघास दिलें. त्याच दानलेखांत तिनें आपला पुत्र गौतमीपुत्र सातकर्णि यास पराक्रमानें राम, केशव, अर्जुन व भीमसेन यांच्या तुल्य म्हटलें आहे. याच वंशाच्या नाणेघाट येथील लेखांत धर्म, इंद्र, संकर्षण व वासुदेव इत्यादिकांस नमन असून दक्षिणापथपति राजास ‘अप्रतिहतचक्र’ असें विशेषण लाविलें आहे. म्हणजे संकर्षण-वासुदेवांस वंदन करणाऱ्या व राजचक्राचा अभिमान बाळगणाऱ्या कुळानेंच धर्मचक्रांकित विहार भिक्षूंस अर्पण केला.

आमच्या मतें या दोहोंचा दुवा चक्रवर्तीच्या कल्पनेंत आहे. दीघनिकायांतील चक्कवत्ति-सीहनाद सुत्ताप्रमाणें चक्ररत्न पित्याकडून वारशानें मिळत नाहीं. धर्माचरणानेंच तें प्राप्त होतें. जग्गय्यपेट येथील शिल्पांत चक्रवर्तीच्या सात रत्नांमध्यें हें चक्र दिसतें. बुद्धानें उपदेश केला त्यास ‘धर्मचक्रप्रवर्तन’ म्हटलें, तें याच राजकल्पनेस नवा अर्थ देऊन. दिग्विजयाच्या जागीं धर्म आला. वैष्णव परंपरेंतहि चक्र केवळ शस्त्र राहिलें नाहीं. गीतेच्या तिसऱ्या अध्यायांत यज्ञकर्मानें चालणारें जगच्चक्र ‘प्रवर्तित’ म्हटलें आहे. तेथेंहि क्रियापद तेंच आहे. हातीं चक्र धारण केलेला वासुदेव मात्र इ. स. पू. दुसऱ्या शतकांतील यवन राजा अगाथोक्लीज याच्या नाण्यांवर प्रथम स्पष्ट दिसतो. हीं नाणीं १९७० सालीं अफगाणिस्तानांत ऐ खानूम येथें सांपडलीं.

यावरून एक नियम निघतो. चक्राच्या आकृतीवरून संप्रदाय ठरवूं नये. त्याच्या सोबतीवरून ठरवावा. वृक्ष व स्तूप यांच्या संगतींत तें धर्मचक्र. देवाच्या हातीं सुदर्शन. राजाच्या बाजूस चक्ररत्न. आऱ्यांची संख्याहि निर्णायक नाहीं, कारण प्राचीन शिल्पांत ती एकसारखी नसते. नाण्यांच्या बाबतींत अधिक सावधगिरी हवी. जोगळटेंभी येथें १९०६ सालीं सांपडलेल्या १३ हजारांहून अधिक रौप्य नाण्यांपैकीं ९ हजारांवर नहपानाच्या नाण्यांवर गौतमीपुत्रानें आपले ठसे उमटविले. त्यांवरील ‘उज्जयिनी चिन्ह’ म्हणजे फुलीच्या चार टोकांस चार वर्तुळें. त्यास चक्र समजून बौद्ध ठरविणें अयुक्त होय.

२२ जुलै १९४७ रोजीं घटना समितीनें २४ आऱ्यांचें सारनाथचें चक्र राष्ट्रध्वजावर स्वीकारलें. तें कोणा एका पंथाचें, असा वाद घालणारांनीं त्रिरश्मीचें हें दार एकवार पाहावें. संग्राहकांसहि आमची विनंति आहे कीं, ताम्रपट, नाणें वा हस्तलिखित यांवर चक्र आढळल्यास त्याचाच ठसा घेऊन थांबूं नये. त्याच्या डावी-उजवीकडे काय आहे, तेंहि नोंदवावें. निर्णय बहुधा तेथेंच असतो.