पत्ता आहे, घर आहे का?

३० सप्टेंबर १९९३. अनंत चतुर्दशीची रात्र सरत होती. पहाटे चारच्या सुमारास लातूर-उस्मानाबादची जमीन हादरली आणि सुमारे १० हजार माणसे गेली. मी लातूरहून किल्लारीच्या मित्राला टाकलेले पत्र तेव्हा वाटेतच होते. पत्ता बिनचूक, अक्षर वळणदार. फक्त त्या पत्त्यावर आता घर नव्हते. मित्र वाचला, पुढे नव्या किल्लारीत राहायला गेला. पण तेव्हापासून पत्त्यावरचा माझा भाबडा विश्वास उडाला.

नांदेडला अभियांत्रिकी शिकणाऱ्या भाच्याने संगणकातल्या ‘पॉइंटर’ची गोष्ट सांगितली, तेव्हा मला तेच पत्र आठवले. मी बी. ए. झालेला कवी, पण हे लगेच कळले.

मंडळी, संगणकाची मेमरी म्हणजे क्रमांक घातलेल्या घरांची लांबलचक गल्ली. पॉइंटर म्हणजे त्यातल्या एका घराचा पत्ता. साधे प्रोग्राम आपापल्या आळीत राहतात. कर्नल मात्र साऱ्या गावाच्या किल्ल्या बाळगणारा कोतवाल. प्रोग्राम त्याला पत्ता देतो, ‘माझी माहिती या घरात ठेव.’ तो पत्ता पडक्या घराचा असेल तर? किंवा लबाडीने दिलेला, कोतवालाच्याच तिजोरीचा असेल तर?

लिनस टोरवाल्ड्स यांनी १९९१ मध्ये लिनक्स लिहायला घेतले ते ३८६ चिपवर. त्या चिपची एक खोड होती. कर्नल लिहू लागला, की ‘इथे लिहू नये’ ही पाटी ती जुमानत नसे. सुरुवातीचे लिनक्स म्हणून प्रत्येक पत्त्यासाठी आधी नोंदवही चाळून खात्री करी. बहुतेक पत्ते बरोबरच निघत. वेळ मात्र फुकट जाई. शिवाय खात्री केल्यावर आणि तिथे पोचण्याआधी घर पडले तर?

१९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात रीत बदलली. आधी फक्त शीव पाहायची, पत्ता प्रोग्रामच्याच आळीतला आहे ना. मग सरळ जायचे. घर नसेल तर प्रोसेसरच अडवतो. अशा वेळी कुठून परतायचे, ते एका तक्त्यात आधीच लिहिलेले असते. कर्नल कोसळत नाही. ‘पत्ता चुकला’ एवढे सांगून मागे फिरतो.

पण शीव पाहायचेच राहिले तर? फेब्रुवारी २००८ मध्ये ‘व्हीएमस्प्लाइस’ या सेवेत तसे झाल्याचे उघड झाले. साध्या वापरकर्त्याला साऱ्या संगणकाचा मालक होता येत होते. २०१७ मध्ये ‘वेटआयडी’ या सेवेत पुन्हा तीच चूक. अखेर जानेवारी २०१९ मध्ये टोरवाल्ड्स यांनी दार उघडण्याच्या क्रियेतच ही तपासणी घालून टाकली. विसरण्याची सोयच उरली नाही.

मला यातली एक गोष्ट फार आवडली. कर्नल पत्ता तपासतो, देणाऱ्याचे नाव पाहत नाही. आणि तपासतो तो सगळ्यांचाच. भाड्याने घर शोधताना माझे नुसते नाव ऐकून बंद झालेली दारे मी पाहिली आहेत. ती तपासणी नव्हती. तपासायला निदान दारापर्यंत यावे लागते.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)