गुणांची अट आणि राज्याची सीमा : पांढुर्णा-सौंसर परिसरातील विद्यापीठ-प्रवेशाचा ऐतिहासिक मागोवा

सातपुड्याच्या दक्षिण उतारावरील सौंसर आणि पांढुर्णा हे दोन तालुके ऑक्टोबर २०२३ पर्यंत छिंदवाडा जिल्ह्यात होते. आता त्यांचा मिळून पांढुर्णा हा स्वतंत्र जिल्हा झाला आहे. संत्र्यांचा हा पट्टा भाषेने मुख्यतः मराठी, बाजारपेठेने नागपूरचा आणि १९५६ पासून कारभाराने भोपाळचा. बारावीचा निकाल लागला की येथील पालक महाविद्यालयातील प्राध्यापकांना जो प्रश्न विचारतात तो एका ओळीचा असतो : एवढ्या टक्क्यांत कुठे प्रवेश मिळेल?

या प्रश्नाला एका ओळीत उत्तर देता येत नाही, कारण ‘गुणांची अट’ या शब्दप्रयोगात तीन वेगळे आकडे मिसळलेले असतात. पहिला उत्तीर्ण होण्याचा, दुसरा अर्ज करण्यास पात्र ठरण्याचा आणि तिसरा, ज्या गुणांवर शेवटची जागा भरली गेली त्याचा. पहिला परीक्षा मंडळ ठरवते, दुसरा शासन, विद्यापीठ किंवा त्या विद्याशाखेची केंद्रीय परिषद ठरवते. तिसरा कोणीच ठरवत नाही. जागा किती, अर्जदार किती आणि त्या जागांवर कोणाचा हक्क मानला जातो, यांवरून तो आपोआप निघतो. हे तीन आकडे एकमेकांपासून कसे वेगळे होत गेले आणि त्यात राज्याची सीमा कशी शिरली, याचा मागोवा प्रस्तुत लेखात घेतला आहे.

आरंभी हे तिन्ही आकडे एकच होते. १८५४ साली नागपूरचे भोसल्यांचे राज्य खालसा झाले, १८६१ मध्ये मध्य प्रांत स्थापन झाला आणि सौंसरचा मुलूख त्यात आला. प्रांताला स्वतःचे विद्यापीठ नव्हते. नागपूरचे हिस्लॉप महाविद्यालय (१८८३) आणि मॉरिस महाविद्यालय (१८८५) प्रथम कलकत्ता विद्यापीठाशी संलग्न होते. पुढे ती अलाहाबाद विद्यापीठाकडे (स्थापना १८८७) गेली. अलीगढचे मोहमेडन अँग्लो-ओरिएंटल कॉलेजही १९२० मध्ये विद्यापीठ होण्यापूर्वी याच क्रमाने कलकत्ता आणि मग अलाहाबाद यांच्या परीक्षांना विद्यार्थी बसवीत असे, ही गोष्ट सहसा लक्षात घेतली जात नाही. नागपूरचा आणि अलीगढचा विद्यार्थी काही काळ एकाच विद्यापीठाच्या मापाने मोजला जात होता.

त्या काळात प्रवेश परीक्षा म्हणजेच मॅट्रिक. ती विद्यापीठच घेत असे आणि जो उत्तीर्ण झाला तो महाविद्यालयात गेला. अडचण जागांची नव्हती, उत्तीर्ण होण्याची होती. मुंबई विद्यापीठाच्या १८५९ च्या पहिल्या मॅट्रिकला १३२ विद्यार्थी बसले आणि २२ उत्तीर्ण झाले. त्याच्या आदल्या वर्षी कलकत्त्याच्या पहिल्या बी. ए. परीक्षेत बंकिमचंद्र चट्टोपाध्याय आणि जदुनाथ बोस या दोघांनाच पदवी मिळाली, तीही एका विषयात थोडे गुण कमी पडत असताना सवलतीचे गुण देऊन. म्हणजे उत्तीर्णतेची रेषा पहिल्याच वर्षी हलवावी लागली होती. (इंग्रजांनी हिंदी माणसाची बुद्धी निम्मी धरून ३३ टक्क्यांची अट घातली, अशी एक गोष्ट शिक्षकांच्या खोलीतून वारंवार ऐकू येते. सांगणारा तिच्याबरोबर कधी पुरावा देत नाही; वर्गात ती इतिहास म्हणून सांगू नये हे बरे.)

४ ऑगस्ट १९२३ रोजी नागपूर विद्यापीठ स्थापन झाले. सर बिपिनकृष्ण बोस त्याचे पहिले कुलगुरू. त्याच सुमारास, १९२२ च्या कायद्याने, प्रांतात हायस्कूल शिक्षणाचे स्वतंत्र मंडळ आले आणि शालान्त परीक्षा विद्यापीठाच्या हातून मंडळाच्या हाती गेली. पहिला आकडा दुसऱ्यापासून सुटण्याची ही सुरुवात म्हणता येईल. तरीही सौंसरच्या विद्यार्थ्याच्या दृष्टीने १९२३ ते १९५६ हा काळ सर्वांत सरळ होता. त्याचे मंडळ, त्याचे विद्यापीठ आणि प्रांताची राजधानी ही तिन्ही नागपुरात होती. १८ जुलै १९४६ रोजी सागर विद्यापीठ निघाले, तरी राजधानी नागपूरच राहिली. १९४७ मध्ये नागपूरचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले तेव्हा पांढुर्ण्याचा मुलगा तेथे परका नव्हता.

१ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्य पुनर्रचना झाली. विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्यात गेले. जिल्हा हा घटक धरल्यामुळे छिंदवाडा जिल्हा अखंड मध्य प्रदेशात राहिला आणि त्याच्यासोबत त्याची मराठी बोलणारी दक्षिण तहसीलही. उच्च शिक्षणासाठी जिल्ह्याची दिशा सागरकडे झाली. पुढे सागरहून जबलपूरकडे आणि २०१९ पासून छिंदवाडा विद्यापीठाकडे, म्हणजे आजच्या राजा शंकर शाह विद्यापीठाकडे, ती वळली. १९५९ च्या कायद्याने मध्य प्रदेशाचे माध्यमिक शिक्षा मंडळ अस्तित्वात आले. पांढुर्ण्याहून नागपूर सुमारे शंभर किलोमीटर. जबलपूर त्याच्या दुपटीहून दूर. छिंदवाड्यात शासकीय वैद्यकीय महाविद्यालय निघायला २०१९ साल उजाडले. मधली त्रेसष्ट वर्षे घराजवळचे महाविद्यालय परराज्यात आणि स्वराज्यातले महाविद्यालय दूर, अशी स्थिती होती.

परराज्यात असण्याने नेमके काय बिघडते? याचे कायदेशीर उत्तर पुनर्रचनेच्या आदल्याच वर्षी मिळाले होते, आणि तेही याच भूभागातील एका खटल्यात. इंदूरच्या महात्मा गांधी स्मारक वैद्यकीय महाविद्यालयात मध्य भारताच्या रहिवाशांना कॅपिटेशन फी माफ होती, बाहेरच्यांना नव्हती. डी. पी. जोशी विरुद्ध मध्य भारत राज्य या खटल्यात १९५५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बहुमताने असा निर्णय दिला की राज्यघटनेचे कलम १५ जन्मस्थानावरून भेदभाव करण्यास मनाई करते, निवासावरून नव्हे. पुढील साऱ्या अधिवास-नियमांचा पाया येथे घातला गेला. १९८४ च्या प्रदीप जैन खटल्यात न्यायालयाने या नियमांना मर्यादा घातली. काही जागा साऱ्या देशाला खुल्या ठेवणे भाग पडले आणि १९८६ मध्ये एमबीबीएससाठी हे प्रमाण १५ टक्क्यांवर स्थिरावले. आज ज्याला ‘८५ आणि १५’ म्हणतात त्याचे मूळ हे आहे. पदव्युत्तर वैद्यकीय जागांवरील निवासाधारित राखीवता जानेवारी २०२५ मध्ये न्यायालयाने घटनाबाह्य ठरवली. पदवीच्या पातळीवर ती चालू आहे.

महाराष्ट्राच्या बाजूने पाहिले तर कुंपण दुहेरी होते. १९५३ च्या नागपूर कराराने विदर्भाला व्यावसायिक शिक्षणात लोकसंख्येच्या प्रमाणात प्रवेश देण्याचे आश्वासन दिले होते. पुढे वैद्यकीय प्रवेशात ७० टक्के जागा त्या त्या विभागाच्या विद्यार्थ्यांना आणि ३० टक्के इतरांना, हे सूत्र चालले. ते २०२० मध्ये रद्द झाले. ही तरतूद विदर्भावर अन्याय होऊ नये म्हणून होती आणि तिचे कारण रास्त होते. परंतु ज्या सौंसरने १९५६ पर्यंत विदर्भासह एकच राजधानी आणि एकच बाजार वापरला, ते या ‘विदर्भा’त मोजले गेले नाही. महाराष्ट्राचा वैद्यकीय प्रवेश-नियम दहावी आणि बारावी दोन्ही महाराष्ट्रातून मागतो. बेळगाव-कारवारकडील ८६५ गावांच्या मराठी भाषक उमेदवारांसाठी महाराष्ट्राच्या तंत्रशिक्षण प्रवेशात सीमाभाग म्हणून वेगळी सोय आहे. पांढुर्णा-सौंसरला ती नाही, कारण ती सोय वादग्रस्त सीमेची आहे आणि येथे वाद उभा राहिलाच नाही. जो भाग गप्प राहिला त्याच्या पदरी काही पडले नाही, असे म्हटले तर ते फार कठोर होऊ नये.

कला, वाणिज्य, विज्ञान या शाखांत एवढी अडवणूक नव्हती. पांढुर्ण्याची मुले नागपूरच्या महाविद्यालयांत जात राहिली. तेथे प्रश्न गुणांपेक्षा कागदांचा होता : स्थलांतर प्रमाणपत्र, पात्रता प्रमाणपत्र, समकक्षता. १९७० च्या दशकात महाराष्ट्राने दहा अधिक दोनचा आकृतिबंध स्वीकारला, तर मध्य प्रदेशात अकरा वर्षांची हायर सेकंडरी १९८० च्या दशकापर्यंत टिकली. गुणपत्रिकेवर टक्के तेच, पण सीमेपलीकडे त्यांच्यामागे एक शालेय वर्ष कमी भरत होते.

आता मध्य प्रदेशातील पात्रतेच्या आकड्याकडे वळू. भारतातील या विषयावरचे दोन महत्त्वाचे खटले मध्य प्रदेशातूनच निघाले आहेत. राज्यात प्री-मेडिकल परीक्षेसाठी १९७० मध्ये मंडळ स्थापन झाले आणि १९८२ मध्ये अभियांत्रिकीचे मंडळ त्यात मिळवून व्यावसायिक परीक्षा मंडळ, म्हणजेच ‘व्यापम’, तयार झाले. १९८० च्या प्री-मेडिकल परीक्षेत खुल्या वर्गासाठी एकूण ५० टक्के व प्रत्येक विषयात ३३ टक्के, तर अनुसूचित जाती-जमातींसाठी अनुक्रमे ४० आणि ३० टक्के अशी किमान अट होती. एवढ्यानेही राखीव जागा भरेनात, तेव्हा शासनाने त्या वर्गांसाठी किमान अट पूर्णपणे शिथिल केली. उच्च न्यायालयाने हा आदेश रद्द केला. सर्वोच्च न्यायालयाने १९८१ मध्ये मध्य प्रदेश राज्य विरुद्ध निवेदिता जैन या खटल्यात तो वैध ठरवला. निवड परीक्षेतील किमान गुण आणि बारावीची पात्रता या दोन भिन्न गोष्टी आहेत, हा त्या निकालातील कळीचा मुद्दा. १९९९ मध्ये प्रीती श्रीवास्तव खटल्यात घटनापीठाने पदव्युत्तर वैद्यकीय प्रवेशापुरती उलट दिशा धरली : खुल्या वर्गाला ४५ आणि राखीव वर्गाला २० टक्के एवढे अंतर मान्य करता येणार नाही.

या दोन निकालांची चर्चा बहुधा आरक्षणाच्या बाजूने किंवा विरोधात होते. परंतु दोन्हींतून दिसणारी गोष्ट साधी आहे : किमान गुण हे ज्ञानाचे नैसर्गिक माप नसून प्रशासनाने ओढलेली रेषा आहे, आणि जागा रिकाम्या राहिल्या की ती खाली येते. सप्टेंबर २०२३ मध्ये नीट-पीजीच्या तिसऱ्या फेरीसाठी किमान अट सर्व प्रवर्गांना शून्य पर्सेंटाइल करण्यात आली. १९८० चा भोपाळचा आदेश ज्यांना धक्कादायक वाटला असेल त्यांनी हे साल शेजारी ठेवून पाहावे. व्यापमने मात्र वेगळाच धडा दिला. २०१३ मध्ये उघड झालेल्या घोटाळ्यानंतर २००८ ते २०१२ या काळातील ६३४ वैद्यकीय विद्यार्थ्यांचे प्रवेश रद्द झाले आणि फेब्रुवारी २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते रद्द राहतील असे सांगितले.

नीटमुळे दुसरा आकडाही चल झाला आहे, आणि विद्यार्थ्यांना समजावण्याची खरी गरज येथे आहे. खुल्या वर्गाची अट ५० पर्सेंटाइल, म्हणजे परीक्षा दिलेल्यांपैकी निम्म्या मुलांच्या वर असणे; ५० टक्के गुण नव्हे. अट तीच असूनही ७२० पैकी पात्रतेचे गुण २०२२ मध्ये ११७, २०२३ मध्ये १३७ आणि २०२४ मध्ये १६२ होते. ११७ म्हणजे सोळा टक्क्यांच्या आसपास. एवढ्या गुणांवर ‘पात्र’ हा शिक्का मिळतो, परंतु शासकीय महाविद्यालयातील जागा त्याच्या कितीतरी वर बंद होते. पात्र ठरलेल्या मुलाच्या घरी पेढे वाटले जातात आणि महिन्याभराने खाजगी महाविद्यालयाचा दलाल दारात उभा राहतो. दुसरा आणि तिसरा आकडा यांतील अंतरावरच त्या दलालाचे पोट चालते.

मुस्लिम विद्यार्थ्यांच्या बाबतीत सीमेचा आणखी एक पदर आहे. २००२ च्या टी. एम. ए. पै खटल्यात धार्मिक आणि भाषिक अल्पसंख्य कोण हे राज्यागणिक ठरेल, असे सर्वोच्च न्यायालयाने म्हटले. २००५ च्या इनामदार खटल्यात पुढे स्पष्ट झाले की अल्पसंख्याक संस्थेने मुख्यतः त्या राज्यातील अल्पसंख्याक विद्यार्थी घ्यावेत. बाहेरचे थोडेच असावेत. त्यामुळे मराठी बोलणारा पांढुर्ण्याचा मुस्लिम विद्यार्थी मध्य प्रदेशात धर्माने आणि भाषेने असा दुहेरी अल्पसंख्य ठरतो. नागपूरच्या अल्पसंख्याक महाविद्यालयाच्या दारात मात्र तो बाहेरच्या राज्याचा उमेदवार असतो.

प्रश्नपत्रिकेच्या भाषेतही हे विचित्रपण दिसते. नीटमध्ये २०१७ साली मराठी होती, उर्दू नव्हती. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने २०१८ पासून उर्दू आली. माहितीपुस्तिकेनुसार उर्दू प्रश्नपत्रिका देशातील कोणत्याही केंद्रावर घेता येते, तर मराठी प्रश्नपत्रिका फक्त महाराष्ट्रातील केंद्रांवर. छिंदवाड्याचे केंद्र निवडणाऱ्या सौंसरच्या विद्यार्थ्याला उर्दू पर्याय मिळतो, मराठी मिळत नाही. अर्ज भरताना भाषेचा रकाना आणि केंद्राचा रकाना एकमेकांवर अवलंबून आहेत, हे अर्जाच्या आधी सांगणारा कोणी भेटला तरच उपयोग.

सागरचे विद्यापीठ २००९ मध्ये केंद्रीय झाले आणि २०२२ पासून पदवीचे प्रवेश सीयूईटीच्या गुणांवर होऊ लागले. तेव्हा बारावीचे टक्के तेथे केवळ पात्रतेपुरते उरतात आणि जागा सीयूईटीच्या गुणांवर मिळते. छिंदवाड्याच्या संलग्न महाविद्यालयांत मात्र बारावीचीच टक्केवारी चालते. तीच गुणपत्रिका नागपूरला नेली तर तिच्यासोबत स्थलांतर प्रमाणपत्र लागते. ते भोपाळच्या मंडळाकडून यायला वेळ लागतो, म्हणून निकालाच्याच आठवड्यात अर्ज टाकावा.