देवळालीचा ताप



आमच्या मुलुंड स्टेशनातून लांब पल्ल्याच्या गाड्या न थांबता धडधडत नाशिककडे जातात. त्यातल्या काही देवळालीला थांबतात. देवळाली म्हटले की आपल्याला थंड हवा आणि तोफखाना आठवतो. पण या गावाने इंग्रजी भाषेला एक शब्द दिला आहे, हे किती जणांना ठाऊक आहे? 'डुलाली', म्हणजे डोके फिरलेला! पूर्वी गोरे शिपाई 'डुलाली टॅप' म्हणत. टॅप म्हणजे आपलाच ताप.

हा ताप आला कुठून? ब्रिटिशांनी 1861 साली देवळालीला छावणी उभारली. नोकरीची मुदत संपलेले गोरे सैनिक मायदेशी जाण्यासाठी इथे येऊन थांबत. पण सैनिकांची जहाजे सुटत ती साधारण नोव्हेंबर ते मार्च. ज्याची मुदत उन्हाळ्यात संपली त्याने पुढचा सगळा पावसाळा इथेच काढायचा. फ्रँक रिचर्ड्स नावाच्या शिपायाने 1936 साली आपल्या आठवणी प्रसिद्ध केल्या. तो सांगतो की इथे हत्यारे नसत, काम जवळजवळ नसे, दिवस सरता सरत नसत. वर्षानुवर्षे चोख नोकरी केलेली माणसे इथे येऊन बिघडत आणि घरी जाण्याऐवजी तुरुंगात जात. शब्दाचा उगम त्या कंटाळ्यात असावा, असे त्याचे मत.

त्यात दारूची भर. हिंदुस्थानातल्या गोऱ्या फौजेच्या आरोग्याची चौकशी करणाऱ्या शाही आयोगाचा अहवाल 1863 साली आला. तेव्हा मृत्यूचे प्रमाण हजारी 69 होते, आणि त्यातले बहुतेक मृत्यू लढाईत नव्हे, आजाराने झालेले. फ्लॉरेन्स नाइटिंगेलबाईंनी त्यावर लिहिताना घाण पाणी आणि गटारांबरोबर छावणीतली दारू आणि सक्तीचे रिकामपण यांवरही बोट ठेवले. त्याच सुमारास, 1862 साली, ग्रेगसन नावाच्या पाद्रीने आग्र्याला सैनिकांसाठी दारूबंदीची संस्था काढली होती. म्हणजे दुखणे सगळ्यांना दिसत होते.

पुढे स्वराज्य आले. मुंबई राज्यात 1949 चा दारूबंदी कायदा झाला, पण लष्करी कँटीनना सवलत राहिली. हे समानतेला धरून आहे का, असा प्रश्न बलसारा खटल्यात निघाला. सर्वोच्च न्यायालयाने 1951 साली ती सवलत योग्य ठरवली. सामान्य माणसाला बंदी आणि फौजीला बाटली, हे असे कायद्यातही मान्य झाले.

मंडळी, मला विचार करायला लावते ती गोष्ट अशी. देवळालीची माणसे तोफेच्या आवाजाने खचली नव्हती. ती खचली तोफ थांबल्यावर. कालपर्यंत बिगुलावर उठणाऱ्या माणसाला आज कोणी उठवत नाही, हे सोसणे सोपे नसते.

माझा एक विद्यार्थी सतरा वर्षांची नोकरी करून चाळिशीच्या आत घरी आला. मग एका इमारतीवर रखवालदार झाला. संध्याकाळी कँटीनची बाटली घेऊन गॅलरीत बसू लागला. त्याची बायको मला म्हणाली, "बाई, सीमेवर होते तेव्हा मला त्यांची काळजी वाटायची. आता घरात असतात, तर जास्त वाटते." शेजारी मात्र हसून म्हणत, "फौजी आहे, पिणारच!"

हे 'पिणारच' मला खटकते. एकदा असे म्हटले की पुढे विचारायची गरजच उरत नाही. इंग्रजांनी दुखण्याचा विनोद केला आणि आपण त्याची सवय करून घेतली.

आता निदान मदतीची दारे आहेत. 'टेलिमानस'चा 14416 हा फोन 2022 पासून सुरू आहे, आणि 2023 च्या डिसेंबरात पुण्याच्या सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालयात सैनिक व त्यांच्या कुटुंबीयांसाठी त्याचा खास कक्ष निघाला. पण फोन लावायला आधी कोणीतरी जवळ बसून विचारावे लागते.

ताप आलेल्या माणसाच्या कपाळावर आपण आधी हात ठेवतो. शब्द आपलाच आहे, तेवढे तर आपल्याला जमायला हवे.